‘विवाहित’ या शब्दाच्या आत काय असतं? जोडपी आणि आत्महत्येचा धोका

आज आपण जोडप्यांबद्दल बोलणार आहोत आणि आत्महत्येबद्दलही. हे दोन शब्द एकत्र आले की अनेकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातलं प्रेमीयुगुल उभं राहतं. आजचा विषय तो नाही. आजचा विषय साध्या संसाराचा आहे. पाच, पंधरा, पंचवीस वर्षं एका छपराखाली राहणारी दोन माणसं. त्यातल्या एकाच्या मनात मरणाचे विचार येऊ लागले, तर त्यात दुसऱ्याचं स्थान काय असतं? तो आधार असतो, कारण असतो, की त्यालाही धोका असतो? मानसोपचारातलं संशोधन याबद्दल काय सांगतं, ते आज पाहू.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. हा विषय ऐकताना किंवा वाचताना तुम्हाला स्वतःबद्दल किंवा घरातल्या कुणाबद्दल काळजी वाटू लागली, तर व्याख्यान संपायची वाट पाहू नका. १४४१६ हा केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

केसपेपरवरचा एक रकाना

मानसोपचार विभागात नवा रुग्ण आला की आम्ही केसपेपर भरतो. नाव, वय, शिक्षण, कामधंदा आणि वैवाहिक स्थिती. रुग्णाच्या जिवाला किती धोका आहे याचा अंदाज घेताना दोन याद्या मनात ठेवायला शिकवतात. एक धोका वाढवणाऱ्या गोष्टींची, दुसरी धोका कमी करणाऱ्या गोष्टींची. ‘विवाहित’ हा शब्द वर्षानुवर्षं दुसऱ्या यादीत बसत आला आहे. लग्न झालंय, घरी माणूस आहे, म्हणजे काळजी थोडी कमी.

हा समज फक्त डॉक्टरांचा नाही. आपल्याकडे मुलगा गप्प गप्प राहायला लागला, मुलगी रात्र रात्र जागायला लागली, की नातेवाईकांतलं कुणीतरी म्हणतंच, “लग्न करून द्या, जबाबदारी पडली की होईल सरळ.” औषधापेक्षा अक्षतांवर आपला जास्त विश्वास आहे! त्यातून कधी कधी दोन आयुष्यं अडचणीत येतात. म्हणून हा समज तपासून पाहणं गरजेचं आहे.

आजच्या व्याख्यानाचं सार एका वाक्यात सांगायचं तर असं: ‘विवाहित’ हा शब्द आपल्याला माणसाची कायदेशीर स्थिती सांगतो, त्याच्या घरात काय चाललंय ते सांगत नाही. आणि धोका किती आहे ते बहुतेक वेळा घरात काय चाललंय त्यावर ठरतं.

ही कल्पना आली कुठून?

या कल्पनेचं मूळ शोधायचं तर एमिल द्युर्केम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाकडे जावं लागतं. १८९७ साली त्याचा आत्महत्येवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. युरोपातल्या सरकारी नोंदी घेऊन त्याने आकडेमोड केली आणि दाखवलं की एकाच वयाच्या विवाहित आणि अविवाहित लोकांची तुलना केली, तर विवाहितांमध्ये आत्महत्येचं प्रमाण सहसा कमी दिसतं. माणूस कुटुंबाशी, समाजाशी जितका जोडलेला, तितका तो सुरक्षित, असा त्याचा साधारण सिद्धांत.

पण त्याच ग्रंथातली पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. द्युर्केमने विवाहितांचेही गट पाडले होते. त्यात असं दिसलं की संरक्षणाचा मोठा भाग नुसत्या नवरा-बायकोच्या नात्यातून येत नव्हता, मुलाबाळांच्या कुटुंबातून येत होता. फ्रान्समधल्या मूल नसलेल्या विवाहित स्त्रियांमध्ये तर आत्महत्येचं प्रमाण त्याच वयाच्या अविवाहित स्त्रियांपेक्षा जास्त निघालं. म्हणजे ‘लग्न वाचवतं’ हे वाक्य ज्याच्या नावावर चालतं, त्याच्याच आकड्यांमध्ये ‘कुणाला वाचवतं?’ हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी हजर होता.

नातं तुटतं तेव्हा

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न जास्त नेमकेपणाने विचारला गेला. अमेरिकेत ऑगस्टीन कपोसोवा यांनी तिथल्या एका मोठ्या राष्ट्रीय मृत्यू-पाहणीच्या आधारे २००० साली निष्कर्ष मांडले. घटस्फोटित आणि विभक्त लोकांमध्ये आत्महत्येने मृत्यूचा धोका विवाहितांच्या दुपटीहून अधिक होता. पुरुष आणि स्त्रिया वेगळे करून पाहिल्यावर कळलं की ही वाढ पुरुषांमध्ये ठळक होती. स्त्रियांमध्ये तसा स्पष्ट फरक दिसला नाही.

२००९ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यातला अभ्यास आला. तिथे आत्महत्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवली जाते. त्या नोंदींवरून असं दिसलं की विभक्त झालेल्यांमध्ये, म्हणजे कायद्याने लग्न अजून टिकून आहे पण दोघं वेगळे राहू लागले आहेत अशांमध्ये, धोका इतर कुठल्याही वैवाहिक स्थितीच्या किमान चौपट होता.

इथे थोडं थांबून विचार करू. घटस्फोटाचा कागद हातात पडतो, त्याच्या बऱ्याच आधी माणूस घराबाहेर पडलेला असतो. तो मधला काळ सगळ्यात अवघड. राहायला जागा नाही, मुलं कुणाकडे ते ठरलेलं नाही, कोर्टाच्या तारखा चालू, आणि चार लोकांना काय सांगायचं ते कळत नाही. आमच्या फॉर्मवर मात्र असा माणूस ‘विवाहित’च असतो! फॉर्मच्या लेखी तो सुरक्षित यादीत, आणि प्रत्यक्षात सर्वाधिक धोक्याच्या गटात.

पुरुषांनाच जास्त फटका का? यामागे एक कारण आपल्या ओळखीचं आहे. पुष्कळ पुरुषांच्या आयुष्यात मन मोकळं करायला एकच माणूस असतं, ते म्हणजे बायको. भावाशी बोलणं होतं ते जमिनीचं, मित्रांशी राजकारणाचं. नातेवाइकांशी संबंध राखणं, सणावाराला फोन करणं, आजारपणाची विचारपूस, हे सगळं तिच्यामार्फत चालतं. ती गेली की एक व्यक्ती जात नाही, सगळ्या वाटाच बंद होतात. त्यात ‘पुरुषाने रडायचं नाही’ आणि हाताशी दारू.

भारतातली उलटी गोष्ट

आता आपल्या देशाकडे येऊ. २०१८ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात भारतातल्या आत्महत्यांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जगभरात आत्महत्येने होणाऱ्या स्त्रियांच्या मृत्यूंपैकी ३६.६ टक्के मृत्यू २०१६ साली एकट्या भारतात झाले, असा त्याचा अंदाज होता. भारतातल्या या स्त्रियांमध्ये सर्वात मोठा वाटा होता विवाहित स्त्रियांचा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारीही तेच सांगते. २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्या नोंदवल्या गेल्या. त्यातल्या ४५,०२६ स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी २३,१७८ गृहिणी. म्हणजे निम्म्याहून अधिक. दुसऱ्या वर्षी, २०२२ मध्ये, एकूण संख्या १,७०,९२४ झाली आणि राज्यांमध्ये सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात झाली.

या आकड्यांबद्दल एक खबरदारी. देशात विवाहित स्त्रियांची संख्याच मोठी आहे, त्यामुळे मृतांमध्ये त्या जास्त दिसणं काही अंशी अपेक्षितच आहे. पण ज्या गटाला लग्न ‘वाचवणार’ होतं, त्या गटात इतके मृत्यू होत असतील, तर ढाल म्हणून लग्नावर विसंबता येत नाही, एवढं नक्की.

दुसरी खबरदारी ‘कारण’ या रकान्याची. २०२२ च्या अहवालात ३१.७ टक्के मृत्यूंपुढे ‘कौटुंबिक समस्या’ आणि ४.८ टक्के मृत्यूंपुढे ‘विवाहाशी संबंधित समस्या’ असं कारण लिहिलं आहे. हे कारण लिहितं कोण? पोलीस. कुणाच्या सांगण्यावरून? बहुतेक वेळा घरच्यांच्या. आणि एका मृत्यूपुढे एकच कारण. प्रत्यक्षात आत्महत्येमागे एकच कारण जवळजवळ कधीच नसतं. नैराश्य, दारू, कर्ज, मारहाण, जुनं दुखणं आणि त्या दिवशी झालेलं भांडण, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. सासरच्यांनी सांगितलेलं कारण एक, माहेरच्यांनी सांगितलेलं दुसरं. म्हणून संशोधक वेगळ्या वाटेने जातात.

त्या वाटेचं नाव ‘सायकॉलॉजिकल ऑटॉप्सी’. गेलेल्या माणसाच्या घरच्यांशी, मित्रांशी, डॉक्टरांशी सविस्तर बोलून त्याचे शेवटचे महिने उभे करायचे. मग त्याच वयाच्या, तशाच परिस्थितीतल्या हयात माणसांशी तुलना करायची. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतल्या डॉ. गुरुराज आणि सहकाऱ्यांनी अशा पद्धतीने २६९ मृत्यूंची २६९ हयात व्यक्तींशी तुलना केली. तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धोक्याशी जोडलेल्या गोष्टींमध्ये अचानक ओढवलेलं आर्थिक संकट, घरातली हिंसा, आणि व्यक्तीचं स्वतःचं किंवा जोडीदाराचं दारूचं व्यसन, हे घटक पुढे आले. जोडीदाराचं व्यसन! म्हणजे प्यायचा एक आणि जीव धोक्यात दुसऱ्याचा.

आपल्या शेजारच्या गोव्यातला अभ्यास आणखी नेमका आहे. जोआना मासेल्को आणि डॉ. विक्रम पटेल यांनी २००८ साली तो प्रसिद्ध केला. गोव्यातल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची आधी पाहणी केली आणि नंतर वर्षभर पुन्हा पुन्हा चौकशी केली. माणूस गेल्यावर मागे वळून कारण शोधण्यापेक्षा हे वेगळं, कारण इथे आधीची परिस्थिती आधीच नोंदवलेली असते. ज्या स्त्रियांनी पुढे आत्महत्येचा प्रयत्न केला, त्यांच्यात तीन गोष्टी आधीपासून जास्त आढळल्या: नैराश्य-चिंतेसारखा मानसिक आजार, हिंसेचा अनुभव आणि शारीरिक आजार. या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्रपणे धोका वाढवत होत्या.

‘स्वतंत्रपणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. याचा अर्थ असा की नैराश्याची गोळी सुरू केली आणि मारहाणीबद्दल विचारलंच नाही, तर आपण अर्धंच काम केलं. आणि उलटही खरं. ‘नवरा त्रास देतो म्हणून तिला असं वाटतं’ असं म्हणून नैराश्यावरचे उपचार टाळले, तरी अर्धंच काम झालं.

दुसऱ्या माणसाचं काय?

आतापर्यंत आपण ज्याच्या मनात विचार येतात त्याच्याबद्दल बोललो. आता त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाकडे वळू. या बाबतीतलं सर्वात भक्कम संशोधन डेन्मार्कमधलं आहे, आणि त्यामागे एक साधं कारण आहे. १९६८ पासून तिथे प्रत्येक रहिवाशाला एक वैयक्तिक क्रमांक असतो. रुग्णालयातला दाखला, लग्न, पत्ता, मृत्यू, सगळ्या नोंदी त्या क्रमांकाने जोडता येतात. त्यामुळे कोण कुणाचा जोडीदार आणि दोघांच्या आयुष्यात काय काय घडलं, हे लाखो लोकांबाबत एकत्र पाहता येतं.

एस्बेन आगेर्बो यांनी २००५ साली अशा नोंदींवरून मध्यमवयीन लोकांचा अभ्यास केला. जोडीदाराला मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल करावं लागलं असेल, तर दुसऱ्याचाही आत्महत्येचा धोका वाढलेला दिसला. जोडीदार गेला असेल तर तो वाढला, आणि जोडीदार आत्महत्येने गेला असेल तर कितीतरी अधिक वाढला.

२०१७ साली आनेटे एर्लांगसेन आणि सहकाऱ्यांनी १९८० ते २०१४ या काळातल्या ४,८१४ पुरुषांचा आणि १०,७९३ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सगळ्यांचे जोडीदार आत्महत्येने गेले होते. मागे राहिलेल्यांमध्ये मानसिक आजार आणि आत्महत्या, दोन्हींचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त होतं. इतर कारणांनी जोडीदार गमावलेल्यांशी तुलना केली तरी फरक उरत होता.

शारीरिक आजाराबाबतही असंच काही दिसतं. २०२४ साली कॅन्सर रुग्णांच्या चार लाखांहून अधिक जोडीदारांचा डॅनिश अभ्यास आला. ज्यांच्या जोडीदाराला कॅन्सर झाला होता, त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न आणि मृत्यू दोन्ही जास्त आढळले, आणि निदानानंतरचं पहिलं वर्ष सर्वात जोखमीचं होतं. विचार करा, त्या वर्षात सगळे कुणाची चौकशी करतात? पेशंटची. डबा घेऊन येणारा, रिपोर्ट गोळा करणारा, रात्री खुर्चीत बसून झोपणारा माणूस कुणाच्या लक्षात येतो?

इथे कुणी घाबरून जाऊ नये म्हणून एक हिशेब समजून घेऊ. ‘धोका दुप्पट’ याचा अर्थ ‘निम्मी माणसं’ असा नसतो. मूळ धोका अगदी लहान असेल, तर दुप्पट होऊनही तो लहानच राहतो. जोडीदार गमावलेले, जोडीदाराची शुश्रूषा करणारे बहुसंख्य लोक जगतात, सावरतात. या आकड्यांचा उपयोग घाबरवण्यासाठी नाही. कुणाला विचारायला विसरायचं नाही, हे त्यातून कळतं.

दोघांचा धोका एकत्र का वाढतो? साधारण तीन वाटा सांगता येतील. पहिली, दोघांची परिस्थिती एकच असते: तेच कर्ज, तीच गेलेली नोकरी, तोच मुलाचा मृत्यू. दुसरी, एकसारख्या अडचणींतून आलेली माणसं अनेकदा एकमेकांना निवडतात. तिसरी वाट म्हणजे एकाच्या दुखण्याचा भार दुसऱ्यावर पडतो. झोप जाते, माणसं तुटतात, पैसा संपतो. आपल्याकडे यात चौथी भर पडते ती बोलण्याची. नवरा गेला तर “हिच्यामुळेच” असं म्हणणारी तोंडं तिसऱ्या दिवसापासून सुरू होतात. जिला सर्वाधिक आधाराची गरज, तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं.

भांडणापासून त्या विचारापर्यंत

भांडणं तर सगळ्यांचीच होतात. मग काही घरांत गोष्ट इतकी टोकाला का जाते? थॉमस जॉइनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००५ साली मांडलेला सिद्धांत इथे उपयोगी पडतो. त्याच्या मते दोन भावना एकत्र आल्या की मरणाची इच्छा तीव्र होते. एक, ‘माझं कुणी नाही’. दुसरी, ‘मी सगळ्यांवर ओझं झालोय’. आणि त्या इच्छेवर कृती होण्यासाठी तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे वेदनेची आणि मृत्यूची भीती कमी झालेली असणं. वारंवार मार खाल्लेला, आधी स्वतःला इजा केलेला माणूस या बाबतीत जास्त धोक्यात असतो.

आता हा सिद्धांत मराठी घरात कसा ऐकू येतो ते पाहा. “मी नसले तर यांचं दुसरं लग्न होईल, सुटतील बिचारे.” “हिला माझ्याशी लग्न करून काय मिळालं? कर्जच ना?” “तुम्हाला माझी गरजच काय आहे?” ही वाक्यं आपण रागातली म्हणून सोडून देतो. यातलं पहिलं आणि दुसरं वाक्य ओझ्याचं आहे, तिसरं एकटेपणाचं. रागातली असोत वा नसोत, ती ऐकल्यावर थांबून विचारायला हवं. जोडप्यात राहूनही माणूस एकटा असू शकतो. उलट ज्याच्याकडून आधाराची अपेक्षा असते, त्याच्याच शेजारी रोज एकटं वाटणं जास्त बोचतं.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट: दोघांना वेगवेगळं भेटणं. ओपीडीत नवरा-बायको समोर बसलेले असतात. तिला विचारलं, “घरी काही त्रास?” की ती आधी त्याच्याकडे बघते आणि मग म्हणते, “नाही, काही नाही.” अशा वेळी “भाऊ, तुम्ही जरा पाच मिनिटं बाहेर बसता का? मग तुमच्याशीही बोलायचंय,” एवढं एक वाक्य पुरतं. दोघांशी वेगळं बोलायची पद्धत सगळ्यांसाठीच ठेवली, की कुणाला संशय येत नाही. हिंसा आहे असं कळलं, तर दोघांना एकत्र बसवून समेट घडवण्याची घाई करायची नाही. तिथे बोललेल्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागू शकते. आधी तिची सुरक्षितता. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, आणि महाराष्ट्रात पोलिसांशी जोडलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्षही आहेत.

दुसरी गोष्ट: सरळ विचारणं. “जीव नकोसा वाटतो का? मरणाचे विचार येतात का?” अनेकांना भीती वाटते की विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येईल. २०१४ साली या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. विचारल्यामुळे असे विचार वाढतात, असं एकाही अभ्यासात आढळलं नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं.

तिसरी गोष्ट: सुरक्षिततेची लेखी योजना. धोक्याची आपली लक्षणं कोणती, त्या वेळी स्वतः काय करायचं, कुणाला फोन करायचा, कुठल्या दवाखान्यात जायचं, आणि घरात धोकादायक वस्तू हाताशी राहणार नाहीत याची व्यवस्था, हे रुग्णासोबत बसून लिहायचं. २०१८ च्या एका अमेरिकन अभ्यासात अशी योजना आणि नंतर फोनवरून पाठपुरावा केलेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन ४५ टक्के कमी दिसलं. जोडीदाराची मदत इथे मोलाची ठरते. पण त्याला पहारेकरी करायचं नाही. योजनेत निदान तीन माणसांची नावं हवीत. सगळा भार एकट्यावर नको.

चौथी गोष्ट: पाठपुरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका प्रयोगात चेन्नईसह पाच ठिकाणचे १,८६७ रुग्ण होते, सगळे आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेले. त्यातल्या काहींना तासाभराची माहिती दिली आणि पुढे दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा भेटून विचारपूस केली. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी २.२ टक्के दीड वर्षात आत्महत्येने गेले, विचारपूस झालेल्यांपैकी ०.२ टक्के. नऊ वेळा “कसे आहात?” विचारायला फार मोठं रुग्णालय लागत नाही.

आणि पाचवी, नैराश्यावर उपचार. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी, डॉक्टरांनी नव्हे, तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत काम केलं. नैराश्य कमी झालं, आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न कमी झाले, आणि स्त्रियांनी सांगितलेली जोडीदाराकडून होणारी हिंसाही कमी झाली. जिथे हिंसा नाही पण नातं ताणलेलं आहे, तिथे जोडप्याचं एकत्र समुपदेशनही करता येतं. उपलब्ध अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार नैराश्यावर त्याचा परिणाम व्यक्तिगत उपचारांइतकाच होतो, आणि नात्यातला ताण त्याने जास्त कमी होतो.

काही चिठ्ठ्या

श्रोत्यांकडून चिठ्ठ्या आल्या आहेत. वेळेअभावी तीन घेऊ.

*पहिली चिठ्ठी: “मुलाला नैराश्याचा आजार आहे. नातेवाईक म्हणतात, लग्न करा. काय करावं?”* लग्न हा हक्क आहे, उपचार नव्हे. त्याचे उपचार चालू असतील, त्याची स्वतःची इच्छा असेल आणि समोरच्या मुलीला आजाराची पूर्ण कल्पना दिलेली असेल, तर अशी लग्नं उत्तम चालतात. लपवून केलेल्या लग्नात पहिली गोष्ट घडते ती ही, की तिला कळू नये म्हणून गोळ्या बंद होतात. तिथून पुढे दोघांचाही धोका सुरू होतो.

*दुसरी: “मी वेगळं व्हायचं म्हटलं की नवरा जीव द्यायची धमकी देतो. मी काय करू?”* ताई, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्याला खरोखर मदतीची गरज असेल, आणि त्या धमकीने तुम्हाला बांधूनही ठेवलं जात असेल. म्हणून धमकी गंभीरपणे घ्या, पण एकटीने नव्हे. त्याच्या भावाला, मित्राला, डॉक्टरांना सांगा. त्याच क्षणी धोका वाटला तर ११२ ला फोन करा. त्याला उपचारापर्यंत पोहोचवायला मदत करणं तुमच्या हातात आहे. त्याचा जीव वाचवण्यासाठी स्वतः त्रासात राहणं, हा उपचार नाही. आणि हे कळलं तर तुमचं दोघांचंही भलं होईल.

*तिसरी: “प्रयत्न केला असेल तर पोलीस केस होते, म्हणून लोक दवाखान्यात नेत नाहीत.”* ही भीती अजून फार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आहे, आणि तिला उपचार व पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. नोंद होईल या भीतीने तास वाया घालवू नका. आधी दवाखाना.

थांबण्याआधी पुन्हा केसपेपरकडे येऊ. तो रकाना काढून टाका असं आमचं म्हणणं नाही. त्याच्यापुढे आणखी तीन प्रश्न हवेत: एकत्र राहता का? घरी भीती वाटते का? आणि तुमच्या जोडीदाराची तब्येत, झोप, मन कसं आहे? डॉक्टरांनी हे विचारावंच, पण त्यासाठी डॉक्टरच असायला हवं असं नाही. शेजारच्या वहिनींना, ऑफिसातल्या सहकाऱ्याला, नुकत्याच विभक्त झालेल्या भावाला हे आपणही विचारू शकतो. उत्तर ऐकायला थोडा वेळ मात्र काढून जा.